प्रायमर न लावलेली भिंत

बाबा नागपूरहून लखनौला माझ्याकडे कायमचे राहायला आले आणि त्याच हिवाळ्यात खालच्या बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण कोपर सुजलं आणि स्वभाव जास्तच आखडला. डॉक्टरांनी सांगितलं, फरशी खरखरीत करा, भिंतीला धरायला दांडे लावा. नवरा हवाई दलात, तेव्हा दूरच्या पोस्टिंगवर होता. मुलं झालेली नव्हती. घरात मी आणि बाबा दोघंच. त्यामुळे बाथरूम नवं करायचं म्हटल्यावर मिस्त्री शोधण्यापासून त्याच्यावर लक्ष ठेवण्यापर्यंतचं सगळं माझ्याकडे आलं. लक्ष ठेवण्याचं काम मात्र बाबांनी लगेच उचललं.

बाबांचा एक जुना नाद होता. कुठल्याही टाइल लावलेल्या भिंतीजवळ गेले की बोटाच्या पेरानं ती ठोकून बघायचे. चारबाग स्टेशनवर उतरले त्या दिवशीसुद्धा मी कुली शोधत होते आणि ते वेटिंग रूमची भिंत ठोकत होते. "पोकळ आहे," म्हणाले. कोणाला सांगितलं कोण जाणे. मला कारण माहीत होतं. नागपूरच्या घरात मोरीची एक टाइल सुटून आईच्या पायावर पडली होती. आईला साखरेचा आजार. अंगठ्याची ती जखम भरलीच नाही. पुढचं सगळं आजारपण त्या अंगठ्यापासून सुरू झालं. बाबांनी ह्यावर कधी एक शब्द काढला नाही. ते फक्त भिंती ठोकायचे.

मिस्त्री आलमबागच्या टाइलवाल्या दुकानदारानं सुचवला. चाळिशीचा, सडपातळ, कानावर पेन्सिल. आल्या आल्या त्यानं चपला बाहेर काढल्या, बाबांना आदाब केला आणि म्हणाला, "बाबूजी, आप अंदर तशरीफ़ रखिए, यहाँ धूल बहुत उड़ेगी. आपको तकलीफ़ होगी."

बाबा आत गेले नाहीत. प्लास्टिकची खुर्ची ओढून बाथरूमच्या दारासमोर बसले आणि मला मराठीत म्हणाले, "धूळ उडते म्हणून नाही उठवून राहिला मले. मी पाहीन म्हणून उठवून राहिला."

"बाबा, इथे सगळे असंच बोलतात."

"तेच तं. इतकं गोड कायले बोलायचं माणसानं? काही तरी झाकाचं असल्याशिवाय?"

मी हसले खरी, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. लखनौत इतकी वर्षं काढूनही मलाही कधी कधी तसंच वाटायचं. समोरचा "जी, बिल्कुल, हो जाएगा" म्हणतो तेव्हा नेमकं काय होणार आहे ते कळत नाही. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की माणूस नाही म्हणतो.

आमचं हे घर लखनौच्या वृंदावन योजना ह्या वसाहतीतलं. दुसऱ्या हाती घेतलेलं. खालचं बाथरूम मुळात बाथरूम नव्हतंच. आधीच्या मालकानं खोलीचा एक कोपरा कापून ते केलं होतं, त्यामुळे जुन्या टाइल उखडल्यावर चार भिंती चार तऱ्हेच्या निघाल्या. खिडकीची भिंत जुन्या सिमेंट प्लास्टरची होती, हात लावला की वाळू झडायची. दाराकडची, वॉश बेसिनची भिंत जिप्समनं गुळगुळीत केलेली, खडूसारखी पांढरी. पाइप झाकायला मिस्त्रीनं कोपऱ्यात सिमेंट बोर्डाचा एक उभा खोका केला. आणि शॉवरची भिंत, जी बाबांच्या खोलीला लागून होती, ती आतून ओल धरून काळी पडली होती. तिचं प्लास्टर त्यानं पार विटेपर्यंत काढलं, नवं केलं आणि सांगितलं की हे नीट पक्कं होऊन सुकेपर्यंत तिला कोणी हात लावणार नाही. तो बरेच दिवस आलाच नाही. बाबांना वाटलं, पळाला.

तो परत आला तेव्हा सोबत प्रायमरचा डबा होता. दुधासारखं पांढरं, पातळ. भिंतीवर लावलं की सुकून दिसेनासं होतं. बाबांचा संशय इथूनच वाढला. जी गोष्ट लावल्यावर दिसत नाही ती लावली की नाही हे ओळखायचं कसं?

मिस्त्रीनं आधी मगातून हातात पाणी घेऊन खिडकीच्या भिंतीवर शिंपडलं. भिंतीनं ते क्षणात पिऊन टाकलं, नुसता काळा डाग उरला.

"देखिए मैडम, ये प्यासी है," तो म्हणाला. "इस पर सीधे टाइल लगाई तो मसाले का सारा पानी पी जाएगी. मसाला सूखकर भुरभुरा हो जाएगा. इसको प्राइमर चाहिए ही चाहिए."

त्यानं ब्रशनं धूळ झाडली, ओल्या फडक्यानं पुसलं आणि मग प्रायमर लावलं. सिमेंट बोर्डालाही एक हात मारला. जिप्समच्या भिंतीवर तर दोनदा लावणार म्हणाला, कारण जिप्सम आणि टाइलचा सिमेंटवाला मसाला एकमेकांना चालत नाहीत, मध्ये पडदा हवा. हे मी डब्यावरच्या सूचनांशी ताडून बघितलं. बरोबर होतं. मला जरा हायसं वाटलं.

पण दुसऱ्याच दिवशी त्यानं मला संशय घ्यायला जागा दिली. जिप्समच्या भिंतीला दुसरा हात मारून तो थोडा वेळ बाहेर बिडी ओढून आला आणि लगेच मसाला कालवायला बसला. बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. अशा हवेत वाळत घातलेला रुमालसुद्धा संध्याकाळपर्यंत दमट राहतो.

"इतक्यात सुकलं?" मी विचारलं.

"जी मैडम, सूख गया. ये जल्दी सूखता है."

मी भिंतीवर तळहात टेकवला. तो चिकटला. काढताना चट्ट असा आवाज झाला. मी हात त्याच्यासमोर धरला. त्यानं नजर खाली केली, कालवलेला मसाला बाजूला सरकवला आणि म्हणाला, "आलमबाग में एक और काम फँसा है. सोचा निपटा दें. माफ़ कीजिए."

बाबा खुर्चीवरून सगळं बघत होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, काय, मी सांगत होतो ना. आणि खरंच, त्यानंतर मी मिस्त्रीच्या प्रत्येक शब्दावर मनातल्या मनात प्रश्नचिन्ह लावायला लागले. भिंत पुरी सुकल्यावर त्यानं तिथल्या टाइल लावल्या, खिडकीकडच्याही लावल्या. सरळ, नेटक्या. तरी तो जेवायला गेला की बाबा आत जाऊन सगळ्या ठोकून यायचे.

शॉवरच्या भिंतीवर त्यानं राखाडी रंगाचं वॉटरप्रूफिंग केलं. एक हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. मग ती भिंत तशीच सोडली आणि म्हणाला, "बस, अब इस पर सीधे टाइल."

बाबा खुर्चीवरून उठलेच. "प्राइमर?"

"इस पर नहीं लगेगा बाबूजी."

"कायको नहीं लगेगा? सबसे ज़्यादा पानी तो इसी दीवार पे गिरेगा!"

"इसीलिए तो ये वाला काम किया है. अब ये दीवार पानी पीती ही नहीं." त्यानं पुन्हा पाणी शिंपडलं. थेंब भिंतीवरून घरंगळत खाली गेले. "जो पीती नहीं, उसको प्राइमर पिलाकर क्या होगा? ऊपर ही ऊपर पड़ा रहेगा."

बाबा माझ्याकडे वळले. "पाहिलंस? जिथं पाणी नाही पडत तिथं दोन दोन हात, आणि जिथं धो धो पडन तिथं काही नाही. मले येडा समजते का हा?"

मलाही ते पटायला अवघड गेलं, हे खरं. ऐकायला ते उलटंच वाटत होतं. मी वॉटरप्रूफिंगच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली, तिथे प्रायमरचं नावच नव्हतं. लावा असंही नाही, लावू नका असंही नाही. मग दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "लगवा लीजिए मैडम, नुक़सान क्या है? एक डिब्बा और भिजवा दें?" हे ऐकून मला दुकानदाराचाच संशय आला. त्याला डबा विकायचा होता, मिस्त्रीला काम उरकायचं होतं, आणि भिंत मात्र आमची होती. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मिस्त्रीवर सोड यार, त्याला जमतं." तो बाबांसोबत राहत नव्हता, त्याला काय!

शेवटी मी मिस्त्रीचं ऐकलं. ऐकलं म्हणजे, दुसरं काय करावं ते कळेना म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसला जाणं भागच होतं. मिस्त्री फरशीचा उतार करून दुपारीच निघून जाणार होता, शॉवरची भिंत त्यापुढच्या दिवशी.

संध्याकाळी घरी आले. सामान जिन्याखाली सारताना प्रायमरचा डबा उचलला तर तो हलका लागला. सकाळी मीच तो उचलून ठेवला होता, तेव्हा हाताला चांगलं वजन लागलं होतं. आता तळाशी थोडंसं डुचमळत होतं. त्या दिवशी प्रायमरचं काही कामच नव्हतं. मला लगेच आलमबागचं ते अडकलेलं काम आठवलं. बाटलीत भरून नेलं असणार. बाबांना विचारलं, "आज मिस्त्री जाताना हातात काही होतं का?"

बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "थैली होती."

"कसली?"

"त्याची थैली. मी काय तिच्यात डोकावू?"

एरवी ते डोकावले असते. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी ठरवलं, आज काही बोलायचं नाही, उद्या त्यानं काय काय केलं ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मिस्त्री आला, नेहमीसारखाच नम्र. बाथरूमचा दिवा वायरिंगसाठी काढलेला होता, वरच्या छोट्या खिडकीतून धुक्याचा मळकट उजेड यायचा तेवढाच. तो शॉवरच्या भिंतीवर टाइल लावत वर चढत गेला. एकदा थांबून त्यानं मसाला लावलेली एक टाइल पुन्हा दाबली. "आज फिसल रही है," असं स्वतःशीच पुटपुटला. मी दारात उभी होते. मला वाटलं, मसाला पातळ केलाय, तोही वाचवतोय.

त्याच्या पुढच्या सकाळी तो आत गेला आणि बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. मी गेले. मधल्या ओळी खाली सरकलेल्या होत्या, सांधे वाकडे झाले होते. त्यानं एक टाइल बोटांनी धरून ओढली तर ती सहज हातात आली. मसाला टाइलला घट्ट चिकटलेला होता आणि मसाल्याच्या पाठीवर एक पातळ, चिवट, पारदर्शक पापुद्रा. तापवलेल्या दुधावर धरतो तसा.

माझ्या डोळ्यांसमोर आईचा पाय आला. मी जे मनात साठवलं होतं ते सगळं बोलून टाकलं. ओलं असताना टाइल लावायला निघालात, मसाला पातळ केलात, डबा रिकामा कसा झाला, आलमबागला काय गेलं?

त्यानं माझं पूर्ण ऐकलं. मग ती टाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "मैडम, एक बार की ग़लती हमारी थी, हमने मानी. ये हमारी नहीं है. इस दीवार पर किसी ने कुछ लगाया है."

"कोण लावणार? भूत?"

"वो आप देखिए." त्याचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला होता. "हम इतने साल से काम कर रहे हैं, आज तक किसी ने चोर नहीं कहा." त्यानं करणी आणि लेव्हल पिशवीत भरली, चपला घातल्या आणि निघून गेला. आदाब केला नाही.

बाबा खुर्चीवर नव्हते. हे माझ्या लक्षात आलं, पण रागाच्या भरात त्याचा अर्थ लावला नाही. ते आपल्या खोलीत होते. सकाळची बुद्धवंदना कधीच आटोपली होती तरी मेणबत्ती अजून जळत होती आणि ते तिच्यासमोर बसून होते.

दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला. उजव्या हाताच्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या बेचक्यात काही तरी चमकत होतं. सुकलेल्या डिंकासारखं. मी बघतेय हे त्यांना कळायच्या आत त्यांनी अंगठ्यानं ते खरवडायला सुरुवात केली. एक पापुद्रा निघून चादरीवर पडला. मी तो उचलला. टाइलच्या मागे होता तोच.

"बाबा."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही लावलंत?"

"त्यानं लावलं नव्हतं," ते म्हणाले. "मंग कोणी लावाचं?"

"किती लावलंत?"

"चांगलं जाड लावलं. दोन हात. खालून वरपर्यंत, जिथवर हात पुरला." मग कोपर चोळत, "सुजका हात होता म्हणून वरचं राहिलं."

मला आठवलं, वरच्या टाइल जागच्या जागी होत्या. फक्त हात पुरेल तिथपर्यंतच्याच सरकल्या होत्या. एक म्हातारा माणूस, कोपर सुजलेला, अजून ओल्या असलेल्या फरशीवर, ज्या बाथरूममध्ये घसरला त्याच बाथरूममध्ये एकटा उभा राहून भिंत रंगवत होता. पुन्हा पडला असतात तर, असं मी ओरडले. ते ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही.

"तुह्या आईच्या वेळेस मी त्या मिस्त्रीले काही विचारलंच नाही," ते म्हणाले. "तो म्हणे, झालं. मी म्हटलं, बरं."

एवढंच. मी त्यांच्याजवळ बसले. चहा निवून गेला.

मिस्त्रीला फोन केला तर त्यानं उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा केला. या वेळी उचलला. मी म्हटलं, भिंतीवर कोणी लावलं ते कळलंय, एकदा या. तो म्हणाला, "देखेंगे." त्याच्या ह्या देखेंगेचा अर्थ मला लागला नाही. येईल असंही वाटलं आणि कधीच येणार नाही असंही.

पण तो आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. मी बोलणार तेवढ्यात बाबा बाहेर आले. धुवट सदरा घातलेला, केस विंचरलेले, कुठे भाषणाला जावं तसे.

"वो मैंने लगाया," ते म्हणाले. "इस लड़की को मालूम नहीं था. डिब्बा भी मैंनेच ख़ाली किया. तुमने कुछ नहीं लिया."

मला वाटलं आता मिस्त्री म्हणेल, कोई बात नहीं बाबूजी. तो तसं म्हणाला नाही.

"बाबूजी, हमें चोर कहा गया," तो म्हणाला.

"हाँ. कहा गया," बाबा म्हणाले. "ग़लत कहा."

मीही म्हटलं, चुकलं. त्यानं एकदा आत बाथरूमकडे नजर टाकली. मग चपला काढल्या. "एक शर्त है. शाम को जाते समय हम हर दीवार का फ़ोटो खींचेंगे. सुबह आकर मिलाएँगे."

"खींचो," बाबा म्हणाले. त्यांना ही अट मनापासून आवडल्यासारखी दिसली.

त्यानं शॉवरच्या भिंतीवरच्या सगळ्या टाइल उतरवल्या, हात न पोहोचलेल्या वरच्यासुद्धा. पापुद्रा खरवडून काढला. त्याच्याबरोबर खालचं वॉटरप्रूफिंगही जागोजाग निघालं, म्हणून ते पुन्हा दोन हात केलं. या वेळी बाबांनी विचारलं आणि त्यानं सांगितलं: वॉटरप्रूफिंगच्या खाली, कोऱ्या प्लास्टरवर, प्रायमर चालतं, आणि ते त्यानं तेव्हा लावलंही होतं, सुकल्यावर दिसलं नाही एवढंच. वर मात्र नाही. वर लावलं की मसाला भिंतीला न धरता त्या पापुद्र्याला धरतो, आणि थंडीत तो पापुद्रा सुकतही नाही.

"मंग हे आधी काऊन नाही सांगितलं?" बाबांनी मला विचारलं. मी तेच मिस्त्रीला हिंदीत विचारलं.

"बताया तो था," मिस्त्री म्हणाला. "बाबूजी को लगा हम बहाना कर रहे हैं."

रोज निघताना तो मोबाइल वर धरून चारही भिंतींचे फोटो काढायचा. सकाळी आल्यावर फोटो आणि भिंत समोरासमोर धरून बघायचा, नखानं खरवडायचा, आणि मगच कामाला लागायचा. बाबा खुर्चीवरून त्याला बघायचे, तो बाबांना. नको तितकं गोड बोलणं दोघांनीही सोडून दिलं होतं. तशरीफ़ बंद झालं. आता तो म्हणायचा, "बाबूजी, ज़रा पैर हटाइए." बाबांना तो त्यामुळे जरा बरा वाटायला लागला असावा.

काम संपल्यावर धरायचे दांडे बसवले. बाबा आत गेले, दार लावून घेतलं, आणि आतून बराच वेळ टकटक, टकटक ऐकू येत राहिली. मिस्त्री बाहेर उभा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे कान लावून होता. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "ठीक है." तेवढ्यावर त्यानं पिशवी उचलली.

उन्हाळा लागल्यावर एक दिवस घरच्या फोनवर कोणाचा तरी फोन आला. मिस्त्रीनं आमचा नंबर दिला होता, त्यांना आपल्या घरी त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं. फोन बाबांनी घेतला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"हाँ जी, अच्छा काम करता है," बाबा सांगत होते. "बिल्कुल पक्का. आप करवा लो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लेकिन कुर्सी डालके सामने बैठो."